आंबा, पीच, आलूबुखार : नासायच्या आधी काय करायचं

आमचा फळांचा गाळा साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला आहे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातगाडीवरून सुरुवात केली आणि गाळ्यापर्यंत आले. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे बॉटनीची बीएस्सी होती आणि त्या घरात तिचा उपयोग कुणालाच दिसत नव्हता. पहिल्याच मे महिन्यात मामंजींनी मला अढीपाशी बसवलं आणि म्हणाले, "पोरी, हात लावायचा न्हाई. आधी वास घ्यायचा." मी वाकून वास घेतला. मला आंब्याचा वास आला. त्यांना त्यात काहीतरी आंबूस लागलं होतं. पेंढा बाजूला सारला तर खालच्या थरात एक हापूस देठापासून काळा पडलेला, आणि त्याला टेकलेले तीन त्याच वाटेवर.

त्यांचं नाक आणि माझं पुस्तक यांचं जमायला पुढची पाच-सहा वर्षं गेली. आता मामंजी नाहीत, गाळा मी आणि माझा मुलगा बघतो. खाली जे सांगतेय ते घरी अढी लावणाऱ्यांसाठी, बांधावर चार रायवळ झाडं असणाऱ्यांसाठी, आणि जूनमध्ये हौसेनं पीचची पेटी नेऊन चौथ्या दिवशी माझ्याशी भांडायला येणाऱ्यांसाठी आहे. आंबा, पीच, आलूबुखार, जर्दाळू, चेरी ही सगळी एका जातकुळीची. मध्ये टणक कोय, भोवती गर, वर पातळ साल. पुस्तकात यांना अश्मगर्भी फळं म्हणतात. त्यांचं नासणंही बरंचसं सारखंच असतं.

नेमकं काय होतं

ज्यांच्या घरी पूर्वी अंबाडी भिजत घालायचे त्यांना हे लगेच कळेल. अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात दगड ठेवून बुडवायच्या, काही दिवसांनी घाण वास सुटला की बाहेर काढायच्या. साल आपोआप सुटायची आणि वाख हातात यायचा. पाण्यातले जिवाणू आणि बुरश्या धाग्यांना धरून ठेवणारा डिंक खाऊन टाकतात, धागा तसाच राहतो. त्या डिंकाचं नाव पेक्टिन. आंब्याच्या गरातही एक पेशी दुसरीला चिकटून असते ती याच पेक्टिनमुळे.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ती आपला पाचक रस अंगाबाहेर सोडते, समोरचं विरघळवते आणि मग शोषून घेते. त्या रसातल्या कामकरी प्रथिनांना एन्झाइम म्हणतात, शाळेच्या पुस्तकात विकरं. फळासाठी महत्त्वाची चारच नावं सांगते, नंतर पुन्हा छळणार नाही. क्युटिनेज सालीवरचं मेणचट कवच पातळ करतं. पेक्टिन मिथाइल एस्टरेज पेक्टिनच्या साखळीला लटकलेले छोटे गट काढून तिला उघडी करतं. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज ती साखळी मधूनच तोडतं. पेक्टेट लायेजही तोडतं, पण वेगळ्या तऱ्हेनं, आणि त्याला आंबटपणा चालत नाही. डिंक गेला की पेशी एकमेकींपासून सुटतात, फुटतात, पाणी सुटतं. आपण म्हणतो, आंबा पिचपिचीत झाला.

यात एक गोम आहे. फळ पिकताना स्वतःही पेक्टिनवरची अशीच विकरं वापरतं. कडक कैरीचा मऊ आंबा होतो तो पेक्टिन सैल झाल्यामुळेच. म्हणजे पिकणं आणि नासणं यांत एकच दोरी कापली जाते, प्रश्न इतकाच की कात्री कुणाच्या हातात आहे. पीच अगदी पिकलं की बुरशीला निम्मं काम आयतं मिळतं. म्हणून फळ जितकं गोड, तितकी घाई.

आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट. हा रस बुरशीच्या पुढे चालतो. डाग जिथे संपला असं तुम्हाला दिसतं, त्याच्या पलीकडेही गर सैल झालेला असतो, बुरशीचा धागा तिथवर पोचलेला नसला तरी. शेजारच्या धडधाकट फळावर नासक्याचा रस गळला, तर त्याची साल न टोचता, न ओरबाडता मऊ पडते. माझी सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

स्वतः बघायचं असेल तर

विश्वास ठेवा म्हणत नाही, करून बघा. पीच किंवा आलूबुखार असं घ्या की जे पूर्ण पाणी सुटून नासलंय आणि ज्यावर पांढऱ्या केसांसारखी बुरशी आहे. हातमोजे घाला. ते जुन्या फडक्यातून पिळून रस काढा, दोन वाट्यांत वाटून घ्या. एका वाटीतला रस दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळा आणि निवू द्या. आटला तर तेवढंच पाणी घाला. कच्च्या रताळ्याच्या पातळ, सारख्या जाडीच्या चकत्या दोन्हींत बुडवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी सुईनं चकती उचलायला जा. न उकळलेल्या रसातली चकती सुईवर धड टिकत नाही, चुरगळते. उकळलेल्यातली बरीच करकरीत राहते. उकळल्यानं विकरं मोडतात, हे त्याचं कारण.

ही युक्ती माझी नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन डी बारी यांनी १८८६ मध्ये साधारण असंच दाखवलं होतं: कुजलेल्या भागाचा रस निरोगी भाजीला मऊ पाडतो, आणि तोच रस उकळला तर पाडत नाही. कॉलेजात हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. समजलं ते गाळ्यावर.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे आणि मुरांबे करणाऱ्यांच्या कामाचा. एक चमचा शिजवलेल्या चांगल्या आलूबुखाराचा गार रस काचेच्या ग्लासात घ्या, त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घाला, हळूच हलवा. दोन-चार मिनिटांत चिकट गोळा जमतो. ते पेक्टिन. आता तसाच रस नासक्या फळाचा घ्या. गोळा जमतच नाही, किंवा नाकातल्या शेंबडाच्या तारेसारखे दोन-चार तुकडे तरंगतात. साखळ्या तुटलेल्या असतात. दोन्ही ग्लास नंतर मोरीत ओता, चव घेऊ नका, आणि हे गॅसच्या शेगडीजवळ करू नका. स्पिरिट पेट घेतं.

कुठली बुरशी, हे अंगठ्यानं ओळखा

दुकानात माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हे शिकवते. डागाच्या कडेवर अंगठा टेकवायचा आणि साल हलकेच बाजूला सरकवायची.

साल सरकली, खालून पाणी आलं, वास आंबूस, आणि वर पांढरे केस ज्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखे बारीक काळे ठिपके : ही ऱ्हायझोपस. शिळ्या पावावर जी काळी बुरशी येते तीच. हिला आत शिरायला जखम लागते, पण एकदा शिरली की दोन दिवसांत पेटीतली एक ओळ खाते. शेजारच्या फळाला जखम नसली तरी हिचा रस ती करून देतो. पेटी उघडल्यावर एका जागी चार-पाच फळं एकमेकांत गुंतून घरट्यासारखी दिसली तर समजा हीच.

साल सरकत नाही, डाग तपकिरी, गोल, दाबला तर बऱ्यापैकी घट्ट, वर मातकट रंगाची भुकटी, कधी कधी गोल गोल वलयांत : ही मोनिलिनिया, पीच आणि आलूबुखाराची तपकिरी कूज. ही बहुतेक वेळा इथे लागत नाही, ती हिमाचलातून सोबत येते. वसंतात फुलावर बसते, सालीखाली दबा धरते आणि फळ पिकताना उठते. ती गर जास्त आंबट करते, कारण तिच्या पेक्टिन तोडणाऱ्या विकराला आंबट जागा मानवते. मागच्या वर्षीची सुकून फांदीवर लटकलेली फळं हे तिचं घर. तिकडच्या बागायतदाराने ती काढली नाहीत तर साताऱ्यात माझं नुकसान होतं. यावर माझ्याकडे उपाय नाही, फक्त चिडचिड आहे.

आंब्यावर काळे, किंचित खोल गेलेले ठिपके, दमट हवेत त्यात गुलाबी-नारिंगी चिकट थेंब : करपा. मोहोर काळा पाडणारा तोच. याची चाल मला सगळ्यात हुशार वाटते. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, पावसाच्या थेंबाबरोबर कैरीवर पडतो, रुजतो, सालीला चिकटून एक काळी घट्ट गाठ करतो, तिथून एक बारीक खुंटी आत घुसवतो आणि थांबतो. महिना, दोन महिने. कैरीच्या सालीत बुरशीला न मानवणारी रिसॉर्सिनॉल जातीची रसायनं असतात, चीक असतो, गर आंबटढाण असतो. पिकताना रसायनं कमी होतात, आंबटपणा उतरतो. मग करपा जागा होतो आणि अमोनिया सोडून आपल्या भोवतीचा गर आणखी कमी आंबट करतो, कारण त्याचं हत्यार पेक्टेट लायेज आहे आणि ते आंबटात चालत नाही. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, नेला तेव्हा एकही डाग नव्हता हो." खरं असतं ते. डाग नव्हता, करपा होता.

देठापासून सुरू होऊन टोपीसारखा काळा-तपकिरी पसरत खाली येणारा डाग म्हणजे देठकूज. ही बुरशी देठाच्या आतच राहत असते. दोन-तीन दिवसांत अर्धा आंबा जातो. मामंजींना जो वास आला होता तो हिचा.

निळी-हिरवी भुकटी आणि ओल्या तळघराचा वास असेल तर पेनिसिलियम. हिच्याबद्दल पुढे.

तोडणीपासून अढीपर्यंत

जे काही करायचं ते पहिल्या २४ तासांत. नंतर फक्त निवडणं उरतं.

वळीव पडून गेल्यावर लगेच तोडू नका. पाटण, मेढ्याकडच्या लोकांना हे सांगून मी थकले. मे महिन्यात ढग दिसला की सगळे झाडावर चढतात, की पाऊस आला तर आंबे जातील. उलट ओलं फळ तोडलं की ते जातं. पाऊस झालाच तर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या, सकाळचं दव वाळू द्या, मग चढा.

देठ ठेवून तोडा. बोटाच्या पेराएवढा देठ फळाला राहिला पाहिजे. झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, पातं असतं ते याचसाठी. हिसका मारून ओढलेल्या आंब्याचा देठ उपटतो, तिथे उघडी जखम राहते आणि देठकुजीला दार मिळतं. काठीनं झोडून पाडलेले आंबे वेगळे ठेवा आणि त्यांचं लोणचं घाला. ते अढीत घालू नका, चांगल्यांना नासवतील. साठ आंबे वाचवायला मी सहा सोडते.

घरी आणल्यावर देठ कापून लहान करायचा तर आंबा देठ खाली करून जाळीवर किंवा खाटेच्या दोऱ्यांवर तासभर ठेवा. चीक खाली गळू द्या. सालीवर ओघळला तर साल भाजते, आणि भाजलेल्या सालीतून कुणीही आत शिरतं.

आता धुणं. नुसत्या पाण्याच्या एकाच टबात शंभर आंबे बुचकळले तर एकाचे बीजाणू शंभरांना वाटले जातात. १० लिटर स्वच्छ पाण्यात सुगंध किंवा रंग न घातलेलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, २० मिली घाला. एवढं पुरे. फळ दोन मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. पाणी गढूळ झालं की बदला, मातीत क्लोरीन मरतं. यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि हे पाणी फक्त वरचे बीजाणू मारतं. सालीखाली थांबलेल्या करप्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच्यासाठी गरम पाणी. माझ्या मते घरगुती अढीसाठी याच्याइतका स्वस्त आणि नेमका उपाय दुसरा नाही. ५२ अंश सेल्सिअस, १० मिनिटं. लहान रायवळ असेल तर ५ मिनिटं. आमच्याकडे सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात पाणी ५४ पर्यंत तापवते, कारण आंबे टाकल्यावर ते उतरतं. दूध डेअरीवाले वापरतात तो थर्मामीटर आणा, हातानं अंदाज घेऊ नका. मी पहिल्या वर्षी घेतला होता. ५५ च्या वर गेलं की साल भाजते, ५० च्या खाली करपा निवांत आंघोळ करतो. शेजारी उकळतं पाणी ठेवा, पारा उतरला की तांब्यानं थोडं थोडं कडेनं ओता, आंब्यावर नको, आणि हलवत राहा. एका वेळी दोन डझनांपेक्षा जास्त घालू नका. वेळ झाली की काढून साध्या पाण्यात गार करा आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. कोवळ्या, न भरलेल्या फळांना हे देऊ नका, त्यांची साल सुरकुतते. आणि देठात खोल बसलेल्या बुरशीपर्यंत ही धग नीट पोचत नाही, म्हणून देठकुजीची हमी मी कुणाला देत नाही.

ओला आंबा अढीत गेला तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. पेंढा भाताचा, या वर्षीचा, दोन दिवस कडक उन्हात उलटापालटा करून वाळवलेला. गेल्या वर्षीचा पेंढा म्हणजे गेल्या वर्षीचे बीजाणू. तीन थरांपेक्षा उंच अढी लावू नका, आंबे एकमेकांना टेकू देऊ नका, दर दोन आंब्यांमध्ये पेंढ्याची मूठ ठेवा. टेकले नाहीत तर रस पोचत नाही, इतकं साधं आहे. खोलीला खिडकी हवी. पोत्यानं गच्च झाकलेली अढी लवकर पिकते आणि तितक्याच लवकर घाम धरते.

कार्बाइडबद्दल विचारणारे अजून भेटतात. फळ पिकवायला ते वापरायला कायद्यानं बंदी आहे. आणि साल पिवळी, गर कच्चा, असं फळ मला विकायचंही नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी इथिलीनच्या, म्हणजे फळ पिकवणाऱ्या वायूच्या, खोलीत पिकवून घ्यावं, ते चालतं. घरी चार आंबे पिकवायचे तर एक पिकलेलं केळं सोबत ठेवलं तरी पुरतं.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, वास. मग नजर. बोटानं दाबून बघणारा माणूस अढीचा वैरी. नखाची एक खूण ऱ्हायझोपसला पुरते. नासकं निघालं तर ते उचलून शेजारच्यांवरून ओढत नेऊ नका, खाली कागद सरकवून सरळ वर उचला. त्याला टेकलेल्यांना कोरड्या फडक्यानं पुसा आणि वेगळे ठेवा, आधी तेच खा. ओलसर झालेला पेंढाही काढून टाका. लोक आंबा काढतात आणि भिजलेला पेंढा तिथेच ठेवतात. रस त्यातच तर आहे.

पीच-आलूबुखाराचा हिशेब निराळा

ही फळं हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातून निघतात, दिल्लीच्या आझादपूर मंडीतून पुण्याच्या मार्केट यार्डात येतात आणि तिथून आमच्या टेम्पोतून खंबाटकीचा घाट चढून साताऱ्यात. इतक्या आदळआपटीनंतर पेटीतलं एखादं तरी पीच दबलेलं असतंच. म्हणून पेटी घरी नेल्या नेल्या उघडा. पेटीच्या तळातलं फळ आधी बघा, वरची ओळ सगळेच चांगली लावतात. मीही लावते.

कडक पीच फ्रिजमध्ये घालू नका. आधी बाहेर, एका थरात, देठाकडची बाजू खाली करून ठेवा. दोन-तीन दिवसांत वास सुटेल आणि देठाजवळचा भाग किंचित दबेल, तेव्हा फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत पोटात. का ते सांगते. पीचला शून्याच्या आसपासची थंडी चालते, पण साधारण २ ते ८ अंश हा पट्टा त्याला मानवत नाही, आणि आपला घरचा फ्रिज नेमका त्याच पट्ट्यात असतो. तिथे पीच आठ-दहा दिवस पडलं की त्याच्या स्वतःच्या विकरांचा तोल जातो. पेक्टिन उघडं करणारं विकर काम करत राहतं, तोडणारं मागे पडतं. उघड्या, न तुटलेल्या साखळ्या पाणी धरून जेलीसारख्या घट्ट होतात. रस आत असतो, पण तोंडात येत नाही. चावलं तर कापूस. बुरशी नाही, वास नाही, तरी फळ वाया. असं पीच घेऊन एक बाई मला "जुना माल दिलात" म्हणून चार लोकांत बोलल्या होत्या. मी त्यांना दुसरं दिलं, पण कारण सांगायची संधी मिळाली नाही. ती आज घेतली.

पिकलेल्या फळाला मात्र फ्रिज हवाच. ऱ्हायझोपस ५ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. तपकिरी कूज थांबत नाही, अगदी शून्यालाही हळूहळू वाढते, पण दिवस मिळतात. कच्च्या आंब्याला मात्र १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नका. त्याची साल करडी पडते, तो नीट पिकत नाही आणि बाहेर काढल्यावर दुप्पट वेगानं नासतो.

कोणी विचारतं, पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतो तशी फळं ठेवली तर? विचार बरोबर आहे. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, म्हणून फोड शिजूनही करकरीत राहते, आणि बांधलेली साखळी तोडायला बुरशीलाही जड जाते. पण फोडीला साल नसते. अख्ख्या फळात कॅल्शियम बाहेरून फारसं शिरत नाही. ते झाडावर असतानाच मिळालं तर उपयोग.

डाग लागलेल्याचं काय करायचं

पीच, आलूबुखार, जर्दाळू, चेरी : बुरशी दिसली तर अख्खं फळ टाका. निळ्या-हिरव्या पेनिसिलियमच्या काही जाती पॅट्युलिन नावाचं विष करतात, ते मऊ गरात डागाच्या पुढे जातं आणि शिजवून पूर्ण जात नाही. आंब्यावर करप्याचे दोन-चार बारीक ठिपके असतील आणि साल काढल्यावर खालचा गर स्वच्छ, घट्ट असेल तर तो मी घरात खाते. गरात काळं उतरलं असेल तर नाही. देठकुजीचा आंबा कधीच नाही.

आणि नासक्याचा भाग कापून उरलेल्याचा जॅम करायची हुशारी मी केलेली आहे. सात किलो आलूबुखार होते, जून संपत आलेला, फेकवेना. डाग कापले, शिजवले, साखर घातली, आटवत बसले. रात्री साडेअकरापर्यंत पातेल्यात पाकच. गाळ्यावर कामाला असलेला पोरगा म्हणाला, "काकी, सरबत म्हणून विकू या." डागाच्या पलीकडे गेलेल्या रसानं पेक्टिन शिजायच्या आधीच तोडून ठेवलं होतं, जमणार काय? त्यानंतरच मी स्पिरिटची परीक्षा करायला लागले. हे नुसतं आपल्या घरापुरतं नाही. कॅनमध्ये बंद केलेले जर्दाळू महिन्याभरानं आपोआप लगदा व्हायचे, आणि कारण निघालं ऱ्हायझोपसचं पेक्टिन तोडणारं विकर, जे कॅनिंगच्या उष्णतेतूनही थोडं जिवंत राहत होतं. बुरशी मेलेली, कात्री चालूच. म्हणून वरच्या रताळ्याच्या प्रयोगात मी दहा-पंधरा मिनिटं म्हटलं, एक उकळी नव्हे.

टाकायची फळं गाळ्यामागे किंवा परसात ढीग लावून ठेवू नका. एका वाळलेल्या पीचवरून लाखो बीजाणू उडतात. खड्ड्यात घालून वर वीतभर माती. झाडाखाली पडलेले रायवळही तसेच उचला, आणि आंब्याच्या वाळक्या फांद्या पावसाआधी छाटून जाळा. करपा आणि देठकूज दोन्ही त्यांच्यावरच वर्ष काढतात.

हंगाम संपला की जूनअखेरीस आम्ही सगळे क्रेट रस्त्याच्या कडेला काढतो. आधी ब्रशनं खरवडून वाळलेला रस काढायचा, कोपऱ्यातला विशेषतः. मग वर दिलेल्या क्लोरीनच्या पाण्याच्या दुप्पट तीव्रतेचं पाणी, म्हणजे १० लिटरला ४० मिली, दहा मिनिटं. मग ऊन मिळेल तेवढं. त्या दिवसांत साताऱ्यात ऊन मिळत नाही, म्हणून क्रेट दोन दिवस पंख्याखाली उपडे ठेवतो, आणि वास गेला की नाही हे बघायला अजूनही आधी नाकच लावतो.